क्रेऑनचा हुकूम आणि अथीनाचे न्यायालय

कुटुंबनिष्ठा आणि राज्याचा कायदा यांच्या संघर्षाविषयी लिहिताना प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी आणि सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ यांची नावे बहुधा एकाच दमात घेतली जातात. दोन्हींत रक्ताचे नाते आहे, राजसत्ता आहे आणि देवांचा दाखलाही आहे. तरीही दोन्हींतला पेच एकच मानला, तर दोन्ही कृतींचे मर्म हातून निसटते. ‘ओरेस्टिया’त कायदा कुटुंबाविरुद्ध उभा राहत नाही, आणि ‘अँटिगनी’त कुटुंबाविरुद्ध जे उभे राहते त्याला पूर्ण अर्थाने कायदा म्हणणे कठीण आहे.

इ.स.पू. 458 मध्ये सादर झालेल्या ‘ओरेस्टिया’त संघर्ष घराच्या आतच पेटलेला आहे. ट्रॉयच्या स्वारीसाठी अनुकूल वारा मिळावा म्हणून राजा अगामेम्नॉन आपल्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी देतो. त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा त्याला ठार करते. आणि पित्याचा सूड घेण्यासाठी मुलगा ओरेस्टिस, अपोलो देवाच्या आज्ञेवरून, जन्मदात्या आईचा वध करतो. पित्याशी निष्ठा राखायची तर मातृहत्येचे पातक आणि आईला अभय द्यायचे तर पित्याशी द्रोह, अशा ठिकाणी कुटुंबनिष्ठाच स्वतःच्या विरोधात गेलेली असते. सूडदेवता ओरेस्टिसचा पाठलाग करतात, पण क्लायटेम्नेस्ट्राच्या मागे त्या लागल्या नव्हत्या, कारण पती हा पत्नीच्या रक्ताचा नसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. रक्ताच्या न्यायाने ही साखळी तुटणे शक्य नाही. तेव्हा अथेन्सची नगरदेवता अथीना तिथल्या अरिओपागसच्या टेकडीवर नागरिकांचे न्यायालय स्थापन करते. दोन्ही बाजू ऐकल्या जातात, मते समसमान पडतात आणि ओरेस्टिस सुटतो. या निकालामागील काही युक्तिवाद आज वाचताना अस्वस्थ करतात: आई ही खरी जन्मदात्री नसून केवळ बीज सांभाळणारी आहे, असे अपोलो सांगतो आणि आपल्याला आईच नाही म्हणून आपण पुरुषाच्या बाजूच्या आहोत, असे अथीना म्हणते. मात्र निकालानंतर ती हरलेल्या देवतांना हाकलून देत नाही. त्यांची समजूत घालून ती त्यांना नगरातच मानाचे स्थान देते. या प्रयोगाच्या काहीच वर्षे आधी, अथेन्सचा राजकारणी एफिआल्टिस याच्या सुधारणांत, अरिओपागसच्या सभेचे राजकीय अधिकार काढून घेतले गेले होते आणि खुनाचे खटले तेवढे प्रामुख्याने तिच्याकडे उरले होते, हे प्रेक्षकांच्या ताज्या आठवणीत होते.

इ.स.पू. 441च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘अँटिगनी’त असे कोणतेही न्यायालय नाही. अँटिगनीचे दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मेल्यावर नवा राजा क्रेऑन दवंडी पिटवतो की, त्यांपैकी नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसला कोणी पुरू नये आणि त्याच्यासाठी शोकही करू नये. तरीही अँटिगनी भावाला माती देते आणि क्रेऑन तिला गुहेत जिवंत कोंडण्याची शिक्षा फर्मावतो. क्रेऑनची बाजू अगदी पोकळ आहे असे नाही. राष्ट्रहित हे मित्राहून मोठे, हे त्याचे आरंभीचे भाषण अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीसने इ.स.पू. 343 मध्ये एका खटल्यात, नागरिकाच्या कर्तव्याचा नमुना म्हणून, वाचून दाखवायला लावले होते. देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या राज्याच्या, भूमीत पुरू नये, असा नियम अथेन्समध्येही होता. पण प्रेत सीमेपलीकडे नेऊन पुरणे आणि ते कुत्र्या-गिधाडांसाठी उघडे टाकून त्यावर पहारा बसवणे, यांत फार मोठे अंतर आहे. शिवाय क्रेऑनचा हा हुकूम कोणत्याही सभेने केलेला नाही. सारे नगर अँटिगनीसाठी हळहळत आहे, असे क्रेऑनचा मुलगा हेमॉन सांगतो, तेव्हा नगर हे त्याच्या शासकाचेच नव्हे काय, असा उलट प्रश्न क्रेऑन करतो. आणि एकाच माणसाच्या मालकीचे असते ते नगरच नव्हे, असे उत्तर त्याला मुलाकडून मिळते. माझ्या दृष्टीने नाटकातला राज्याचा पक्ष इथे हेमॉनच्या तोंडून बोलतो.

अँटिगनीची बाजूही वाटते तितकी सरळ नाही. देवांच्या अलिखित, काल-आजच्या नसलेल्या नियमांचा ती आधार घेते आणि अॅरिस्टॉटल तिचे हे बोल निसर्गसिद्ध न्यायाचे उदाहरण म्हणून देतो. मात्र मरणाला सामोरी जाताना ती म्हणते की, पतीसाठी किंवा मुलासाठी आपण हे केले नसते. आईवडील निवर्तल्यामुळे भाऊ पुन्हा मिळणार नाही, म्हणून केले. जर्मन कवी गटेला हा उतारा इतका खटकला की तो मूळचा नसल्याचे एखाद्या विद्वानाने सिद्ध करावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली होती. मला तो अत्यंत आवश्यक वाटतो, कारण तिची निष्ठा सर्व आप्तांना सारखी कवेत घेणारी नाही, हे त्यातून कळते. मदतीला येऊ पाहणाऱ्या बहिणीला, इस्मीनीला, ती कठोरपणे दूर सारतेच.

शिवाय क्रेऑन तिचा सख्खा मामा आहे आणि हेमॉन तिचा वाग्दत्त वर. राज्य आणि घर असे दोन पक्ष वेगळे काढायला गेले, तर ते एकाच घरात सापडतात. ‘ओरेस्टिया’त घरातला पेच बाहेर आणून त्रयस्थ माणसांसमोर मांडता येतो, इथे ज्याच्याकडे दाद मागायची तोच नातलग, तोच फिर्यादी आणि तोच न्यायाधीश आहे. भविष्यवेत्ता टायरेसियस याच्या इशाऱ्यानंतर नाटकातला वृंद (कोरस) क्रेऑनला आधी मुलीला सोडवायला आणि मग मृताला पुरायला सांगतो. क्रेऑन मात्र आधी प्रेताचा विधी उरकतो आणि नंतर गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. त्याच्या देखत हेमॉन स्वतःला तलवारीने संपवतो आणि ते ऐकून राणी युरिडिसीही प्राण देते.