बहुव्यवसायी ओळख

दोन किंवा अधिक व्यवसायांतली कौशल्ये एका व्यक्तीच्या कामात एकमेकांत मुरून तिची एकच व्यावसायिक ओळख बनते, तिला बहुव्यवसायी ओळख म्हणता येईल. नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकवण्या घेणारा प्रत्येक जण यात बसत नाही. दोन कामे शेजारी शेजारी चालणे निराळे आणि एका कामामुळे दुसरे काम अधिक कसदार होणे निराळे. इथे विचार आहे तो दुसऱ्या प्रकाराचा, आणि तो सोलापूरच्या संदर्भात.

व्यवस्थापनशास्त्रात हा विषय तसा अलीकडचा. अमेरिकेतील डग्लस हॉल यांनी १९७६ मध्ये कंपनीने नव्हे तर व्यक्तीने घडवलेल्या, गरजेप्रमाणे रूप बदलणाऱ्या कारकिर्दीची कल्पना मांडली. पुढच्या दशकात आयरिश विचारवंत चार्ल्स हँडी यांनी अनेक कामांच्या संचाला ‘पोर्टफोलिओ’ म्हटले. मोठ्या संस्थेतली एकाच चाकोरीची नोकरी ही रूढ रीत धरून दोघांनीही तिला पर्याय सुचवला. सोलापुरात तशी चाकोरी गिरण्यांनी आखली. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि पुढे भोंग्यावर चालणाऱ्या या शहरात माणूस कोण, हे त्याच्या खात्यावरून ठरू लागले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा पगाराबरोबर ती ओळखही गेली.

घरच्या मागावर मात्र कामाची अशी वाटणी कधीच नव्हती. शहराच्या पूर्व भागातला छोटा यंत्रमागधारक सुताचा भाव जाणतो, रंगणीवर लक्ष ठेवतो, जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्रणेवर, नक्षी कशी उतरेल हे सांगतो, माग अडला तर स्वतः पाना घेऊन बसतो आणि व्यापाऱ्याशी उधारीचे बोलणेही करतो. नक्षी काढणाऱ्याला माग कळत असेल तर तो कागदावर सुंदर पण विणायला अशक्य असे काही काढत नाही. विकणाऱ्याला रंगणी कळत असेल तर खोटा वायदा होत नाही. बहुव्यवसायी ओळखीचे मर्म इथे आहे. कौशल्ये किती, यापेक्षा ती एकमेकांच्या चुका कशा रोखतात हे महत्त्वाचे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण या वाटेवरचा खरा धोका सांगते आणि तिच्याकडे काणाडोळा करू नये. निदान एका कामात हात पक्का बसल्याशिवाय दुसऱ्याची जोड टिकत नाही.

सोलापूरच्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण शाहीर राम जोशी यांचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुराणिकाच्या घरातला हा मुलगा तमाशाच्या फडात रमला, म्हणून घराला दुरावला. पुढे त्यांनी शास्त्राभ्यास केला, कीर्तने केली, मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. त्यांच्या लावणीतला संस्कृत शब्दांचा सराईत वावर, यमके आणि श्लेष हे शास्त्रीपणाचेच देणे. कीर्तनात श्रोता धरून ठेवायला फडावरचा अनुभव कामी आला असणार. समाजाच्या लेखी या दोन ओळखी एकमेकींना छेद देणाऱ्या होत्या. त्यांचे मोठेपण त्या जोडण्यातच आहे.

विसाव्या शतकात मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी हेच अधिक शांतपणे केले. सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वनाधिकारी होते, पक्ष्यांचे अभ्यासक होते, संस्कृत शिकलेले होते आणि ललित लेखक होते. नवेगावबांध, मेळघाटची जंगले त्यांनी नोकरी म्हणून पाहिली. पण तिथल्या आदिवासींकडून नावे आणि समजुती टिपून घेतल्या, जुन्या ग्रंथांतील उल्लेखांशी ताडून पाहिल्या. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हणणे केवळ पक्षितज्ज्ञाला किंवा केवळ संस्कृत पंडिताला सुचले नसते. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तो मान लेखकाला मिळाला हे खरे, पण त्या लेखकातून वनाधिकारी वेगळा काढता येत नाही.

उद्योगपती वालचंद हिराचंद (जन्म सोलापूर, १८८२) यांचे नावही या संदर्भात सुचू शकते. बांधकाम, जहाजे, विमाने, मोटारी अशी त्यांची क्षेत्रे अनेक, पण उद्योग उभारण्याचे कौशल्य मुळात एकच. म्हणून ते उदाहरण इथे नेमके बसत नाही.

एकाहून अधिक कामे करण्याबाबत कायद्याची आणि नियमांची भूमिका संमिश्र आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यावर बंधन घातले. त्यामागे कामगाराच्या विश्रांतीचा विचार होता. सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, मात्र प्रासंगिक साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय कामाला मोकळीक असते. वकिलांवर धंदा व पूर्णवेळ पगारी नोकरीबाबत बार कौन्सिलचे निर्बंध आहेत. याउलट २०२० पासूनच्या उद्यम नोंदणीत एकाच क्रमांकाखाली उत्पादन आणि सेवा असे कितीही उपक्रम दाखवता येतात. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्याची मुभा दिली.

या चर्चेत विडी कामगार बाई सहसा येत नाही, हे खटकते. पान कापणे, विडी वळणे, धागा बांधणे या कामाची मजुरी हजारी हिशेबाने मिळते. त्यातून वेळ काढून शिलाई मशीन चालवणाऱ्या, घरच्या घरी खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या बायका सोलापुरात आहेत. अशा बाईची कामे गरजेपोटी जमलेली असतात, तिने निवडलेली नव्हे, म्हणून तिच्या हातातले कौशल्य ‘बहुव्यवसायी’ या सदरात कोणी मोजत नाही. ओळखपत्रावर ती विडी कामगारच राहते. सोलापुरात गणवेश आणि तयार कपड्यांचा उद्योग आहे. तिथे कुशल शिलाई कारागीर म्हणून काम मागताना आधीच्या कामाची नोंद हाताशी असलेली बरी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगाराला मुख्य व्यवसायाबरोबर दुय्यम व्यवसायही नोंदवता येतो. विडीबरोबर शिलाईकाम करणाऱ्या बाईने तो रकाना रिकामा सोडू नये.