बटण उलटून बघा

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्याला सोन्याचं नाणं क्वचितच सापडतं, बटणं मात्र ढिगानं. एक कारण गमतीचं आहे: जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या तिथे खत म्हणून शेतात टाकत. लोकर कुजली, बटणं उरली.

बटण हाती आलं की जो तो आधी पुढची बाजू चोळतो. तिथेच घोटाळा होतो. पितळी भांडं चिंच लावून लख्ख करायची आपली सवय इथे कामाची नाही. हिरव्या थराबरोबर उरलासुरला मुलामाही निघून जातो. माती पाण्यानं हलकेच काढा आणि बटण उलटा; त्याचं वय मागूनच कळायला लागतं.

मागे असते कापडाला टाचायची कडी. अठराव्या शतकातल्या बऱ्याच बटणांत ती बटणाबरोबरच ओतलेली असते, किंवा तारेचा फास वळवून मागे झाळलेली. दोन पत्रे कडेला दुमडून जोडलेलं, पोकळ, फुगीर बटण दिसलं तर ते बहुधा १८१० नंतरचं.

कडीभोवती अक्षरंही असतात. 'गिल्ट', 'ट्रेबल गिल्ट' म्हणजे सोन्याचा मुलामा. मुलाम्यात लबाडी फार, म्हणून ब्रिटिश संसदेनं १७९६ मध्ये कायदाच केला: एक इंच व्यासाच्या १४४ बटणांना किमान ५ ग्रेन सोनं. म्हणजे सुमारे ०.३२ ग्रॅम, पुरत्या तीन गुंजाही नाहीत! सोनं पाऱ्यात कालवून तो लेप बटणावर लावायचा आणि भट्टीत पारा उडवून द्यायचा. तो पारा कारागिरांच्या छातीत जायचा. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेनं मुलामा चढवायचं पेटंट घेतलं आणि ही जुनी रीत हळूहळू मागे पडली. आज क्ष-किरणांच्या तपासणीत सोन्यासोबत पाऱ्याचा अंश दिसला, तर मुलामा जुन्या पद्धतीचा.

पुढच्या बाजूवरचा मुकुट थोडा फसवा. गोल कमानींचा मुकुट १९०१ ते १९५३ चा, असं सर्रास सांगतात. पण चार्ल्स राजांनी २०२२ मध्ये तसाच मुकुट पुन्हा निवडला. नव्या बटणाला शंभर वर्षांचं ठरवायला एवढं पुरे.

लष्करी बटणावरचा आकडा सर्वांत बोलका. १७६७ पासून ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक येऊ लागला. समजा, साध्या शिपायाच्या बटणावर १०३ आहे. पण या क्रमांकाच्या पलटणी एकाहून अधिक झाल्या. एक १८०८ ते १८१७ मधली, अमेरिकेविरुद्धच्या युद्धात कॅनडात लढलेली. दुसरी मूळची ईस्ट इंडिया कंपनीची, मुंबईची गोरी पलटण. तिला १८६२ मध्ये १०३ क्रमांक मिळाला. मग बटण कुणाचं? धातू बघायचा. शिपायांची बटणं १८५५ पर्यंत कथिल-शिशाच्या करड्या मिश्रधातूची असत, नंतर पितळेची. करडं बटण मुंबईचं असूच शकत नाही. पितळी असेल तर मुंबईचं, आणि तेही जेमतेम नऊ वर्षांतलं. कारण १८७१ मध्ये शिपायांच्या बटणांवरून क्रमांक गेले आणि सगळ्यांना एकच राजचिन्ह मिळालं. अधिकाऱ्यांच्या बटणांवर क्रमांक आणखी दहा वर्षं टिकले. १८८१ मध्ये मद्रासची १०२ आणि मुंबईची १०३ एकत्र करून नवी पलटण झाली. तिच्या नावात ना मद्रास, ना मुंबई: रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स.