सापाच्या पेटीचं तापमान : मशीन नेण्याआधी एवढं वाचा

आमचं मशीन म्हणजे थर्मोस्टॅट, मुळात कोंबडीची पिल्लं उबेत ठेवायच्या ब्रूडरसाठी. आता बॉल पायथन, कॉर्न स्नेक हे परदेशी साप पाळणारेही नेतात. आणि मे अखेरचा नवतपा लागला की त्यातलं कोणीतरी मशीन परत आणतंच. "३२ वर लावलं, तरी ३९ दाखवते!" मशीन बरोबर असते. थर्मोस्टॅट पेटीखालची गरम करणारी मॅट बंद करतो, पेटी थंड करत नाही. टिनाखालची खोलीच चाळिशीला गेली तर तो बिचारा काय करणार?

म्हणून आपल्याकडे आधी उन्हाळ्याची सोय बघा. मार्च संपला की पेटी टिनाखालून काढा आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत ठेवा. मातीच्या भिंतींची खोली असेल तर उत्तमच. कुलर खोलीत चालू द्या, पण झोत पेटीवर नको. दुपारी लाईन गेली तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून झाकणावर एका टोकाला ठेवा. साप तोंड उघडून श्वास घेत असेल तर आधी पेटीतलं तापमान बघा, मग लगेच डॉक्टर गाठा.

बॉल पायथनला एक बाजू ३१ ते ३३ अंश लागते, दुसरी २५ ते २७. कॉर्न स्नेकला २८ ते ३० आणि २२ ते २५. साप स्वतःच इकडून तिकडे सरकतो, म्हणून मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच लावा. हिवाळ्यात रात्रभर लाईन नसेल तर त्या दिवशी खाऊ घालू नका; थंडीत पचत नाही, साप ओकतो.

मशीनचा तापमान मोजणारा सेन्सर पेटीच्या आत मोकळा सोडू नका. साप तो सरकवतो, मग मॅट तापतच राहते. बाहेरून, मॅट आणि तळ यांच्यामध्ये बसवा. आत चिकटपट्टी नकोच, सापाची कातडी सोलून निघते. पेटीतलं तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासा.

महिन्यातून एकदा सेन्सर मुठीत धरा. ३० वर लावलेलं मशीन थोड्या वेळात 'टक्' करून बंद झालं पाहिजे. सेन्सर मुठीतच ठेवून पंधरा मिनिटांनी मॅटला हात लावा. अजून गरमच असेल तर रिले (मशीनमधला चालू-बंद करणारा स्विच) चिकटला आहे, प्लग काढा.

नाग, धामण, आपला भारतीय अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यांच्यासाठी आम्ही मशीन देत नाही. बॉल पायथनची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

दुरुस्तीला आणताना सेन्सरसकट आणा. नुसत्या डब्यावरून काहीच कळत नाही.