लुकलुकता दिवा आणि फिट: बबूनच्या मेंदूत काय दिसलं?

विसर्जन मिरवणुकीच्या रात्री कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर सेकंदाला कितीतरी वेळा लुकलुकणारे दिवे बहुतेकांचे डोळे फक्त दिपवतात. अपस्माराच्या काही थोड्या रुग्णांना मात्र अशा उजेडानं फिट येते. मग कोणी कांदा शोधतं, कोणी चप्पल हुंगवतं, ‘अंगात आलं’ म्हणणारेही निघतात. या फिटचं मूळ कुठं आहे, याचा शोध प्राण्यांच्या मेंदूतून लागत गेला.

किलम आणि नाके या संशोधकांच्या गटानं 1966 मध्ये सेनेगलच्या कासामान्स भागातल्या बबून माकडांसमोर सेकंदाला साधारण 25 वेळा दिवा लुकलुकवला. काहींच्या पापण्या फडफडल्या, मग चेहरा, मग सारं अंग झटके देऊ लागलं. उजेडाची नोंद मेंदूच्या मागच्या भागात होते, म्हणून बिघाडही तिथंच दिसेल असं वाटणं साहजिक. पण ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात, पहिले तीव्र ठोके उमटले ते पुढच्या बाजूला, हालचाली चालवणाऱ्या भागात! मागचा भाग संदेश पुरवतो, पेट घेतो तो पुढचा. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

पेट का घेतो? मज्जापेशींना आवरणारं गाबा नावाचं रसायन तयार होणं औषधानं रोखलं, की या माकडांना उजेडानं फिट आणखी सहज येते. गाबाचा परिणाम वाढवणारं डायझेपाम दिलं, की ती टळते. म्हणजे लगाम सैल असलेल्या मेंदूला ठरावीक तालाचा उजेड पुरेसा होतो.

माणसात सुरुवात बहुधा मागच्या, दृष्टीच्या भागातच होते, एवढा फरक ध्यानात ठेवावा. त्यामुळे असा त्रास असणाऱ्यानं दिव्यांपासून तोंड फिरवून एक डोळा तळहातानं पूर्ण झाकावा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातोच.

कोंबड्यांवरचा प्रयोग तर थक्क करतो. फायूमी जातीच्या एका वाणाला उजेडानं जन्मजात फिट येते. फ्रान्सच्या निकोल ल द्वारँ यांच्या गटानं या कोंबड्यांच्या भ्रूणातला मेंदूचा पुढचा आणि मधला भाग निरोगी कोंबडीच्या भ्रूणात बसवला. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांना उजेडानं फिट येऊ लागली. दोष मेंदूच्याच ऊतीत होता.

पुढे 2011 मध्ये या कोंबड्यांतला बिघडलेला जनुक सापडला: एसव्ही2ए. त्याचं प्रथिन मज्जापेशींतल्या रसायनांच्या पिशव्यांवर असतं. कोल्हापुरातही डॉक्टर अपस्मारावर लिहून देतात ते लेव्हेटिरासिटाम नेमकं याच प्रथिनाला चिकटतं.