बँक बदला, पैसे मिळवा: ब्रिटनमधल्या बक्षिसामागचा इतिहास

ब्रिटनमधल्या मोठ्या बँका नव्या ग्राहकाला रोख पैसे देतात. दुसऱ्या बँकेतले चालू खाते बंद करून ते आमच्याकडे आणा, पगार इथे जमा होऊ द्या, दोन-तीन बिले या खात्यातून जाऊ द्या, की काही आठवड्यांत खात्यात १०० ते २०० पाउंड जमा. हे चालू खाते म्हणजे आपल्याकडचे व्यापाऱ्याचे खाते नव्हे. ज्यात पगार जमा होतो, ज्यातून घरभाडे आणि विजेचे बिल जाते ते रोजच्या वापराचे साधे खाते म्हणजेच करंट अकाउंट. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींना हे पैसे फुकटचे वाटतात, काहींना त्यात फसवणुकीचा वास येतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. ही रक्कम म्हणजे बँकेने मोजलेली किंमत आहे, आणि ती कशाची किंमत आहे हे कळायला थोडे मागे जावे लागते.

ठेवीदाराला व्याजाऐवजी वस्तू देण्याची प्रथा अमेरिकेत फोफावली. महामंदीनंतर १९३३ च्या बँकिंग कायद्याने तिथे मागताक्षणी काढता येणाऱ्या ठेवींवर व्याज देण्यास बंदी घातली आणि बचत ठेवींच्या व्याजदराला कमाल मर्यादा घातली. व्याजावर स्पर्धा करता येईना, तेव्हा बँकांनी टोस्टर, ताटे-वाट्या, चादरी वाटायला सुरुवात केली. १९८० च्या कायद्यानंतर बचतीवरची मर्यादा टप्प्याटप्प्याने उठली. रोजच्या व्यवहाराच्या खात्यांवरची बंदी मात्र २०११ पर्यंत टिकली.

ब्रिटनमध्ये अशी बंदी नव्हती, पण भेटवस्तू तिथेही आल्या. १९८३ मध्ये नॅटवेस्ट बँकेने मुलांच्या बचत खात्यासाठी चिनीमातीची डुकरे, म्हणजे पैसे साठवायचे गल्ले, आणली. खाते उघडले की लंगोट घातलेला छोटा वुडी मिळायचा आणि बचत वाढत जाईल तशी पुढची डुकरे. सूटबूट घातलेला सर नॅथॅनिएल हा पाचवा आणि शेवटचा. त्याच्यासाठी खात्यात १०० पाउंड साठावे लागत. मिडलंड बँक शाळकरी मुलांना बॅग आणि शब्दकोश देत असे. लहानपणी ज्या बँकेत खाते उघडले तिथेच माणूस जन्मभर राहतो, हे बँकांना पक्के ठाऊक होते. म्हणून भेट एकदाच द्यायची, आणि तीही आयुष्याच्या सुरुवातीला.

१९८४ मध्ये मिडलंडने खात्यात पैसे शिल्लक असतील तर शुल्क घेणे बंद केले आणि हळूहळू बाकीच्या बँकाही त्याच वाटेने गेल्या. पुढे नेशनवाइडसारख्या बिल्डिंग सोसायट्या, म्हणजे घरकर्जासाठी सभासदांनी चालवलेल्या संस्था, चालू खात्यांच्या व्यवसायात उतरल्या. १९८९ मध्ये फर्स्ट डायरेक्ट ही शाखा नसलेली, फक्त फोनवर चालणारी बँक सुरू झाली. पर्याय वाढले, पण माणसे जागची हलेनात. खाते ‘मोफत’ होते, त्यामुळे आपण काही मोजतो आहोत असे कोणाला वाटतच नव्हते. प्रत्यक्षात बँकेला दोन ठिकाणांहून कमाई होत होती: बिनव्याजी पडून राहिलेली शिल्लक, आणि शिल्लक संपल्यावर उचललेल्या ओव्हरड्राफ्टवरचे दंड आणि व्याज.

सरकारने डॉन क्रुकशँक यांना या क्षेत्राची तपासणी करायला सांगितले. मार्च २००० च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष कडक होता: स्पर्धा अपुरी असल्याने बँका दरवर्षी ३ ते ५ अब्ज पाउंड जादा नफा कमावत आहेत. लोक बँक का बदलत नाहीत याचे उत्तर त्या वेळी कोणीही दिले असते. त्यांना धाकधूक वाटायची. पगार जुन्या खात्यात गेला तर? घरकर्जाचा हप्ता चुकला तर? ब्रिटनमध्ये वीज, गॅस, मोबाइल, स्थानिक कौन्सिलचा कर असे जवळपास सगळे डायरेक्ट डेबिटने जाते, म्हणजे खात्यातून पैसे खेचण्याचा अधिकार आपण त्या त्या कंपनीला देतो. असे आठ-दहा अधिकार नव्या खात्यावर नेण्यात तीन-चार आठवडे सहज जात, आणि त्यात एखादी चूक झाली तर दंड ग्राहकाच्या माथी पडे. या काळात फर्स्ट डायरेक्टसारख्या काही बँकांनी १०० पाउंडांचे बक्षीस सुरू केले, पण एवढ्या कटकटीपुढे ती रक्कम अपुरी ठरत होती.

२००८ च्या आर्थिक संकटाने हे चित्र बदलले. सरकारने लोकांच्या पैशातून बँका वाचवल्या आणि त्याच वेळी लॉइड्स टीएसबी या बँकेला एचबीओएस ही दुसरी मोठी बँक गिळू दिली. बाजार आणखी मोजक्या हातांत गेला. २०१० मध्ये अर्थतज्ज्ञ सर जॉन व्हिकर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला गेला. सप्टेंबर २०११ च्या त्याच्या अहवालाची चर्चा झाली ती किरकोळ बँकिंग आणि गुंतवणूक बँकिंग यांच्यात भिंत उभारण्याच्या शिफारशीची. सामान्य खातेदाराच्या दृष्टीने मात्र मला दुसरी शिफारस मोलाची वाटते: सप्टेंबर २०१३ पर्यंत खाते बदलण्याची विनामूल्य, हमी असलेली यंत्रणा उभी करा.

१६ सप्टेंबर २०१३ रोजी ‘करंट अकाउंट स्विच सर्व्हिस’ सुरू झाली. जुन्या बँकेला फोन करायचा नाही, पत्र लिहायचे नाही. नव्या बँकेला सांगायचे आणि तारीख ठरवायची. सात कामकाजाच्या दिवसांत सगळी डायरेक्ट डेबिट आणि ठरावीक तारखेला जाणारी देणी नव्या खात्यावर येतात. सातव्या दिवशी शिल्लक हलते आणि जुने खाते बंद होते. नंतरही कोणी जुन्या क्रमांकावर पैसे पाठवले, तर यंत्रणा ते आपोआप नव्या खात्यात वळवते आणि पाठवणाऱ्याला नवा क्रमांक कळवते. ही सोय सुरुवातीला १३ महिन्यांची होती, पुढे ३६ महिन्यांची झाली. कुठे गफलत झालीच, तर त्यापायी बसलेले शुल्क आणि व्याज बँक भरून देते. पन्नास वर्षे जी भीती लोकांना एकाच बँकेत बांधून ठेवत होती, ती या एका हमीने काढून टाकली. बक्षिसांच्या जाहिराती झळकत राहतात, पण खरे काम या यंत्रणेचे आहे आणि तिचे कौतुक फार कमी होते.

मोबाइल क्रमांकाप्रमाणे खाते क्रमांकच सोबत नेता यावा, ही मागणीही जोरात होती. फायनॅन्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या वित्तीय क्षेत्राच्या नियामक संस्थेने तिचा अभ्यास केला आणि मार्च २०१५ मध्ये आपला अहवाल दिला. पण बँकांच्या जुन्या संगणक प्रणाली बदलण्याचा खर्च डोळे पांढरे करणारा होता, आणि तो विचार मागे पडला.

धोका गेला, तेव्हा शंभर पाउंडांना अर्थ आला. सुरुवातीची वर्षे हॅलिफॅक्स आणि सँटँडर या बँकांनी गाजवली. सँटँडरचा भर बक्षिसापेक्षा व्याजावर होता. २०१२ मध्ये आणलेल्या खात्यावर ती ३ टक्क्यांपर्यंत व्याज देत होती. बँक ऑफ इंग्लंड या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा मूळ दर ०.५ टक्के असताना ही मोठीच गोष्ट होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मूळ दर ०.२५ वर आला आणि नोव्हेंबरमध्ये सँटँडरने ते व्याज दीड टक्क्यावर आणले. मार्च २०२० मध्ये कोविडच्या धक्क्याने मूळ दर ०.१ टक्क्यावर गेला आणि बक्षिसांच्या बहुतेक योजना गुंडाळल्या गेल्या. डिसेंबर २०२१ पासून दर चढू लागले, ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर पोहोचले, आणि २०० पाउंडांची बक्षिसे परत दिसू लागली.

हा योगायोग नाही. समजा, तुमच्या खात्यात सरासरी २,००० पाउंड बिनव्याजी पडून असतात. बँकेने ते मध्यवर्ती बँकेत ठेवले, तर तिला मूळ दराने व्याज मिळते. ०.१ टक्क्याने वर्षाला २ पाउंड, ५.२५ टक्क्यांनी १०५ पाउंड. म्हणजे २०० पाउंडांचे बक्षीस दोन वर्षांत वसूल, आणि त्यानंतर तुम्ही जितकी वर्षे हलणार नाही तितका निव्वळ लाभ. शिवाय क्रेडिट कार्ड, कर्ज, विमा विकायला घरचा ग्राहक मिळतो. महिन्याला पगार यावा आणि डायरेक्ट डेबिट असावीत ही अट याचसाठी घातलेली असते. बँकेला तुमचे चालते-बोलते खाते हवे असते.

या इतिहासातला सगळ्यात विलक्षण प्रसंग धंद्याच्या खात्यांचा आहे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला सरकारी मदत मिळाली, त्याबदल्यात युरोपियन युनियनच्या युरोपियन कमिशनने तिला शाखांचा एक गट विकायला सांगितला होता. ‘विल्यम्स अँड ग्लिन’ या जुन्या नावाने वेगळी बँक काढण्याचा प्रयत्न अनेक वर्षे आणि बराच पैसा खर्चून फसला. शेवटी दुसरा तोडगा निघाला. ७७.५ कोटी पाउंडांच्या त्या योजनेतले ३५ कोटी पाउंड बाजूला काढले गेले ते बँकेच्याच छोट्या व्यावसायिक ग्राहकांनी तिला सोडून प्रतिस्पर्ध्यांकडे जावे यासाठी. फेब्रुवारी २०१९ मध्ये हे सुरू झाले. म्हणजे आपले ग्राहक दुसऱ्याकडे जावेत म्हणून बँक पैसे मोजत होती, आणि तेही नियामकांच्या सांगण्यावरून.

चतुर ग्राहकांनीही वाट काढली. मुख्य खाते तसेच ठेवायचे, एक जादा खाते उघडून त्यावर दोन लहानशी डायरेक्ट डेबिट लावायची, आणि तेच खाते या बँकेतून त्या बँकेत फिरवायचे. हे बेकायदा नाही, पण बँकांनी अटी आवळल्या: आधी बक्षीस घेतलेल्याला पुन्हा नाही, अमुक तारखेपूर्वी आमच्याकडे खाते असेल तर नाही, ६० दिवसांत १,५०० पाउंड जमा झाले नाहीत तर नाही. प्रत्येक नव्या अर्जाबरोबर पतइतिहासात नोंद पडू शकते, त्यामुळे काही महिन्यांत घरकर्ज घ्यायचे असेल, तर हा उद्योग करू नये हे मी तिथल्या प्रत्येक ओळखीच्याला सांगतो. जुने खाते बंद होण्याआधी त्यातली विवरणपत्रे, म्हणजे बँक स्टेटमेंट, उतरवून घ्यावीत. व्हिसाच्या अर्जासाठी ती लागतात.

हा पैसा येतो कोणाच्या खिशातून, हा प्रश्न मला अधिक टोचतो. काँपिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी या स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला २०१६ च्या तपासणीत आढळले की वर्षभरात फक्त सुमारे ३ टक्के लोक बँक बदलतात. ज्यांना इंटरनेट जमते, ज्यांचा पगार नियमित आहे, त्यांच्या पदरात बक्षीस पडते. न हलणारे वृद्ध खातेदार आणि महिनाअखेरीस ओव्हरड्राफ्टवर जगणारी कुटुंबे मोफत खात्याचा खर्च उचलतात. ओव्हरड्राफ्टच्या दंडाविरुद्धचा खटला नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बँकांनी जिंकला. एप्रिल २०२० पासून रोजचे ठरावीक शुल्क बंद झाले, पण बहुतेक मोठ्या बँकांनी व्याजदर ४० टक्क्यांच्या आसपास नेला. बक्षिसांच्या जाहिरातीत या लोकांचा उल्लेख नसतो.

भारतात ही स्पर्धा वेगळ्या वाटेने गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचे व्याजदर मोकळे केले आणि कोटक, येस यांसारख्या बँकांनी ६ टक्के देऊन ग्राहक ओढले. ठेवी मिळवण्यासाठी सोडती आणि नशिबावर अवलंबून असलेली बक्षिसे लावायला आपल्याकडे बंदी आहे. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी खाते क्रमांक सोबत नेता येण्याची कल्पना बोलून दाखवली. आधार आणि नव्या डिजिटल पेमेंट यंत्रणांमुळे ती शक्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तसे काही अजून उभे राहिलेले नाही. बँक बदलायची तर हप्ते, एसआयपी आणि विम्याचे मँडेट आजही ज्याचे त्याने, एकेका संस्थेकडे जाऊन नव्याने करून घ्यावे लागतात.