फूट कळले, पण नदी वाहतेय किती?

पावसानं जोर धरला की कोल्हापुरात फोनवर पहिला निरोप पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा येतो. पाणी किती फुटांवर आलं, किती बंधारे पाण्याखाली गेले. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी 56 च्याही वर.

पण फूट ही झाली पाण्याची उंची. नदी वाहते किती, हे क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असं मोजतात: पात्राचा आडवा छेद गुणिले पाण्याचा वेग. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर पाणी भोगावतीत, म्हणजे पंचगंगेला मिळणाऱ्या नदीत येतं.

उंची वाढली की प्रवाह वाढणारच, असं आपण धरून चालतो. पंचगंगेत दर वेळी तसं होत नाही. गगनबावड्याकडं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घाटातलं ते पाणी वेगानं खाली येतं, आणि प्रयाग चिखलीपासून पुढं नरसोबाच्या वाडीपर्यंत जमीन जवळजवळ सपाट. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते; तिथं कृष्णा तुडुंब असली तर पंचगंगेला पुढं सरकायला उतारच उरत नाही. पाण्याला फूग येते, म्हणजे ते मागं तुंबून चढतं. अशा वेळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट असले तरी पुढं जाणारं पाणी, कृष्णा उतरलेली असतानाच्या 43 फुटांपेक्षा कमी असतं. पाऊस थांबूनही शिरोळ तालुक्यातलं पाणी दिवसेंदिवस हलत नाही, त्यात या फुगेचा मोठा वाटा असतो. म्हणून धरणातून किती सोडायचं हे ठरवताना बंधारा आणि वाडी, दोन्हीकडची पातळी एकत्र वाचायला हवी. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं इकडं पूर चढतो का, हा वादही असाच, टप्प्याटप्प्यावरच्या नोंदी समोर ठेवून सोडवायचा. त्या नोंदी दोन्ही राज्यांतल्या लोकांना रोज दिसायला हव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

नदीकाठच्या बांधकामाला मर्यादा घालणारी निळी पूररेषासुद्धा प्रवाहावरूनच आखतात. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर ती धरते. याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची 25 वर्षं निवांत, असा नाही. दर वर्षी तेवढ्या पुराची शक्यता 4 टक्के असते, आदल्या वर्षी काहीही झालेलं असो. प्रवाहाचा अंदाजच कमी धरला, तर नकाशावरची रेषा नदीकडं सरकते आणि तिथं घरं उभी राहतात.

आता एप्रिलमध्ये या. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही आपलीच देणगी. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या बसवल्या की पाणी अडतं, ऊस जगतो. काठावरून नदी भरलेली दिसते. पण पाण्यात एक वाळलं पान टाकून बघा. पाच मिनिटांनीही ते तिथंच असतं. उंची आहे, प्रवाह नाही. 30 अंशांच्या पाण्यात एका लिटरमागं जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. नाल्यांचं सांडपाणी कुजताना तोही संपतो, वर जलपर्णी पसरते. मासे तोंड वर काढून धापा टाकतात आणि सकाळी पांढरी पोटं तरंगताना दिसतात. मग ओरड झाली की बरगे काढतात, आणि साठलेलं काळं पाणी खालच्या गावाच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीवर एकदम जाऊन थडकतं.

शेती आणि पिण्याच्या पाण्यासारखाच नदीच्या वाहण्याचाही वाटा पाणीवाटपात आधीच राखून ठेवायला हवा, आणि तो थोडा थोडा, रोज सोडायला हवा. राजाराम बंधाऱ्याच्या त्या निरोपात फुटांशेजारी क्युसेकचाही आकडा यावा. एप्रिलमध्येसुद्धा.