मुलांना अकाउंट्सला घालायचं म्हणताय? आधी त्यांचा स्वभाव बघा
(आमच्या ऑफिसच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रिटर्नच्या सीझनला फाईल द्यायला आलेले बरेच जण कागद टेबलावर ठेवून झाले की उठता उठता एक प्रश्न हमखास टाकतात, "साहेब, पोरगी बारावीला आहे, तिला सीए करावं म्हणतोय, जमेल का?" आता याचं उत्तर उभ्या उभ्या काय देणार, मागे चार जण फाईली घेऊन थांबलेले असतात. म्हणून हा कागद छापून घेतलाय, घरी नेऊन निवांत वाचा, आणि पोरांना पण वाचायला द्या, कारण अकाउंट्स शेवटी त्यांना करायचंय, तुम्हाला नाही.

पहिलं म्हणजे गणित. "त्याचं गणित चांगलंय म्हणजे अकाउंट्स जमेल" हे जवळपास प्रत्येक घरात बोललं जातं. रोजच्या कामाला लागतं ते बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी, आणि तेही एक्सेल करून देतं. सीए फाउंडेशनला गणित-लॉजिक-स्टॅटिस्टिक्सचा एक पेपर असतो हे खरं, त्यात चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापतात, पण अभ्यास करून तो निघतो. ज्याचं गणित बरं पण कंटाळा लगेच येतो, त्याच्यापेक्षा गणितात साठ मार्क पडलेलं पण वही नीट ठेवणारं पोरगं आमच्याकडे जास्त टिकतं, हे आम्ही बघत आलोय.

मग बघायचं काय? एक उदाहरण घ्या. सांगलीच्या मार्केट यार्डातलं एखादं आडत दुकान धरा. महिनाअखेरीला टॅलीतली (म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली) बँक शिल्लक आणि बँकेच्या स्टेटमेंटमधली शिल्लक लावून बघितली तर १८० रुपयांचा फरक येतोय. लाखोंच्या उलाढालीत १८० रुपयांना कोण विचारतं, टाका कसर खात्यात आणि चला जेवायला, असं ज्याच्या मनात पहिल्यांदा येतं त्याने दुसरी लाईन बघावी, वाईट काही नाही त्यात. आणि ज्याला राहवत नाही तो काय करतो, तर १८० ला ९ ने भागून बघतो. भाग बरोबर जातोय म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असायची दाट शक्यता, आणि शोधत गेला की हमालीचा ४,६८० चा चेक ४,८६० म्हणून चढवलेला सापडतो. ते नसतं निघालं तर ९० ची एन्ट्री शोधली असती, कारण जमेच्या बाजूची रक्कम चुकून नावेच्या (खर्ची) बाजूला पडली की फरक दुप्पट दिसतो. आणि फरक १७७ चा असता तर सगळ्यात आधी बँक चार्जेस बघितले असते, १५० रुपये चार्ज आणि वर १८ टक्के जीएसटी, झाले १७७. या शोधाशोधीत ज्याला मजा येते, चहा गार झाला तरी जो स्क्रीनवरनं नजर हटवत नाही, त्याला या लाईनीत पोटापाण्याची काळजी करायला लागत नाही, असं आमचं मत.

पण अति चिकटपणा पण नको हां. रात्री बारापर्यंत रिटर्न भरायचंय आणि हा अजून त्या १८० रुपयांतच अडकलाय, असं पण चालत नाही. आत्ता फरक सस्पेन्सला, म्हणजे न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून पुढं जायचं आणि उद्या सकाळी आल्या आल्या तो काढायचा, एवढी समज लागते, आणि ही समज शिकवून फारशी येत नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे पोरगं अबोल आहे, लोकांत मिसळत नाही, तर त्याला अकाउंट्सला घाला, एका कोपऱ्यात बसून काम करील. अहो आमचा निम्मा दिवस फोनवर जातो! टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) भरायची तारीख ७, जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची ११, ३बी म्हणजे जीएसटी भरायच्या रिटर्नची २०, आणि बिलं आमच्याकडे येतात १० तारखेला संध्याकाळी, कॅरीबॅगमधनं, त्यात दोन बिलं पावसात भिजलेली आणि एक दुसऱ्याच दुकानाचं. (नाराज होऊ नका, सगळ्यांचंच असं असतं.) तर कागद मागायचे, परत मागायचे, न चिडता मागायचे, समोरच्याला वाईट वाटू न देता त्याची चूक सांगायची, हे ज्याला जमतं त्याचीच पुढं प्रॅक्टिस चालते. अबोल असायला हरकत नाही, पण माणसाला फोन करायचं नुसतं म्हटलं तरी पोटात गोळा येत असेल तर आधी त्यावर काम करावं लागेल.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, स्पष्टच लिहितो. या धंद्यात नाही म्हणता यावं लागतं. "हे बिल तेवढं मार्चमधलं दाखवा की", "एवढे पैसे आले ते लोन म्हणून टाका", असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा वयाने मोठा असतो, ओळखीचा असतो, दिवाळीला फराळ पाठवणारा असतो. त्याला हसतमुखाने नाही म्हणायचं आणि संबंधही टिकवायचे. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे की ज्यात कुठली एन्ट्री कधी बदलली त्याची नोंद आपोआप राहते आणि ती बंदही करता येत नाही. सही ज्याची जबाबदारी त्याची. ज्या पोराला भिडेपोटी कुणालाच काही बोलता येत नाही, त्याला इथे फार त्रास होतो, रात्रीची झोप जाते अक्षरशः.

"पण आता सगळं कॉम्प्युटरच करतो, अकाउंटंट लागणार कशाला" हे पण विचारतात. नुसत्या एन्ट्र्या मारायचं काम कमी होतंय हे खरंय, बँक स्टेटमेंट सरळ टॅलीत ओढून घेता येतं. राहतं ते डोकं लावायचं काम. डॉक्टरांनी दवाखान्यात नवीन एसी घेतला तर तो या वर्षीचा खर्च का मालमत्ता? मालमत्ता, त्यावर दरवर्षी घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत थोडी थोडी खर्चात टाकायची. आणि जुन्या एसीत गॅस भरला तर? तो खर्च. आणि जुन्याचा कॉम्प्रेसरच बदलला तर? इथे विचार करावा लागतो, आणि ज्या पोरांना "असं का?" विचारायची सवय आहे त्यांना इथेच मजा येते. पाठांतरवाली पोरं अशा ठिकाणी अडखळतात, मार्क कितीही असोत.

आता अकाउंट्स म्हणजे एकच काम नाही हे लक्षात घ्या. स्वभाव बघून निवडा. फिरायला आवडतं, नवी नवी ऑफिसं-गोडाऊनं बघायला आवडतात, तर ऑडिट. वाचनाची आवड, कायद्याचा कीस काढायची खोड, तर टॅक्स. मशीन कसं चालतं, माल कसा बनतो, नग कितीला पडतो याची उत्सुकता असेल तर कारखान्यातलं कॉस्टिंग, त्याचा कोर्स वेगळा, सीएमए. गावातच राहून पतसंस्था, दूध संस्था, हाउसिंग सोसायट्यांचं काम करायचं असेल तर आपल्या सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही परीक्षा आहे, तिच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. आणि रोज ठराविक वेळेला घरी यायचंय, फार टेन्शन नको, तर बीकॉम करून टॅली-जीएसटी नीट शिकून एखाद्या चांगल्या फर्ममध्ये अकाउंटंट व्हा, त्यात कमीपणा कसला? चांगला अकाउंटंट सोडून चालला की मालक आम्हाला फोन करून दुसरा बघा म्हणतात.

सीएचंच ठरत असेल तर थोडं माहीत असू द्या. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटर, मग फायनल. सायन्सवाल्यांनाही देता येते. पास व्हायला प्रत्येक विषयात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के, त्यामुळे एका विषयात ३८ पडले की बाकीचे साठ-साठ असूनही पास होत नाही. २०२३ च्या नवीन स्कीमपासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसात राहून काम शिकायचं, ती दोन वर्षांची झालीय, आधी तीन होती. त्यातला स्टायपेंड म्हणजे पगार धरून घरखर्चाचं गणित मांडू नका. आणि नापास होणं इथे नॉर्मल आहे, हुशार हुशार पोरं दोन-तीनदा बसतात. दहावीपर्यंत कायम पहिली आलेली आणि नापास हा शब्दच न ऐकलेली पोरं पहिल्या फटक्याला खचतात, त्यामुळे "आता परत बसायचं" एवढंच म्हणून दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडणारं पोरगं आहे का, ते घरच्यांनी आधीच ओळखायला हवं. बाहेरच्याला ते दिसत नाही.

हे सगळं वाचूनही कळत नसेल तर घरच्या घरी करून बघा. तुमच्याच दुकानाची एका महिन्याची बिलं आणि बँक स्टेटमेंट पोराच्या हातात द्या, क्लास नको, टॅली पण नको, साधी वही किंवा एक्सेल. रोज आलेले-गेलेले पैसे लिही आणि शेवटी शिल्लक जुळवून दाखव म्हणायचं. जुळली का नाही ते बघूच नका एवढं, न जुळल्यावर ते काय करतं ते बघा. वही बाजूला टाकून मोबाईल घेतला, तुमच्याकडे येऊन "पप्पा हे तीन हजार कसले" विचारलं, का चुपचाप एक आकडा बदलून जुळवून टाकली? तिसरं केलं असेल तर जरा बोला त्याच्याशी, अकाउंट्सला जावो न जावो.

नंतर वाटलं तर पोराला घेऊन ऑफिसला या, आठवडाभर आमच्या मुलांबरोबर बसू दे, फी वगैरे काही नाही. फक्त सप्टेंबर-ऑक्टोबर सोडून, तेव्हा ऑडिटचा सीझन असतो आणि गणपतीची आरतीसुद्धा आम्ही एका हातात फोन धरून करतो. डिसेंबर बरा. येताना स्वतःचं पेन आणि डबा, आणि तुमची राहिलेली बिलं पण तेवढी पाठवून द्या त्याच्याबरोबर.